तळी आणि त्यांचे ग्रंथकार

मराठी वाङ्मयात पाण्याच्या अभावाचे वर्णन विपुल आहे. पाण्याच्या संचयाचे वर्णन मात्र विरळ आहे. दुष्काळ ही आमच्या लेखकांच्या ओळखीची वस्तू होय. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) पाऊस हुलकावणी देतो आणि पाहता पाहता एक नांदती वस्ती पांगते, हा प्रसंग ज्याने एकदा वाचला त्यास तो विसरणे शक्य नाही. पाणी गेले की माणूस जातो, हे सत्य माणदेशाच्या लेखकाने असे मांडून ठेवले आहे की त्यात भर घालण्याजोगे फारसे उरलेले नाही. परंतु याच सत्याची दुसरी बाजू अशी की, जेथे पाणी धरून ठेवले गेले तेथे माणूस राहिला. आणि तो केवळ राहिला असे नव्हे, तर पाणी धरून ठेवण्याच्या खटाटोपातूनच त्याचे गाव, त्याचे मानपान, त्याची भांडणे आणि त्याचे देवही घडले. या बाजूचे चित्र काढणारी त्याच तोलाची मराठी कृती आमच्या पाहण्यात नाही.

अशा कृतीस विषय नाही म्हणावे, तर तसेही नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्यात, तो विषय शेकडो वर्षे डोळ्यांसमोर पसरलेला आहे. पूर्व विदर्भातील जुन्या तळ्यांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगतात, आणि त्यांचा दाट पुंजका भंडाऱ्यात व १९९९ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आहे. या लेखात भंडारा हे नाव आम्ही जुन्या, अविभक्त जिल्ह्याच्या अर्थानेच योजिले आहे. या तळ्यांविषयी लिहिले गेले नाही असे कोणी म्हणू नये. सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिले, जातींचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिले, अरण्यप्रेमी लेखकांनी लिहिले, आणि अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यांनीही आपल्या परीने एक कथा रचून ठेविली. या चार प्रकारच्या ग्रंथकारांनी तळ्यात काय पाहिले आणि काय त्यांच्या नजरेतून निसटले, याचा परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे.

तत्पूर्वी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. भंडाऱ्यास कोरडा प्रदेश कसे म्हणावे, असे कोणी विचारील. जिल्ह्यात वर्षास सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशास त्याच्या निम्माही लाभत नाही. परंतु कोरडेपणा हा पावसाच्या बेरजेत नसतो, तो त्याच्या वाटणीत असतो. लंकेच्या ज्या भागास तेथील लोक व अभ्यासक कोरडा विभाग म्हणतात, तेथेही पाऊस भंडाऱ्याइतकाच, किंबहुना कोठे कोठे त्याहून अधिक पडतो. तरी तेथील गाव तळ्यावाचून उभे राहू शकले नाही. भंडाऱ्यात जवळजवळ सगळा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत कोसळून वैनगंगेवाटे निघून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत आकाशाकडून काही मिळण्याची आशा नसते. त्यातही येथले पीक धानाचे. धानास पाणी नुसते मिळून भागत नाही, ते पायाशी उभे असावे लागते. आणि हस्ताचा पाऊस हुकला तर ऐन दाणा भरण्याच्या वेळी बांधीला भेगा पडतात. म्हणजे जुलैत पुराचे भय बाळगणारा शेतकरी ऑक्टोबरात घोटभर पाण्यासाठी आकाशाकडे पाहतो. ज्या प्रदेशास एकाच वर्षात दोन्ही दैवे भोगावी लागतात, त्याने पहिल्याचे काही दुसऱ्यासाठी राखून ठेवावे, हा तळ्यामागचा साधा विचार होय.

विचार साधा असला तरी त्याची योजना साधी नाही. उताराच्या बगलेस मातीची पाळ घालावयाची. जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून एका टोकास सांडवा ठेवावयाचा. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी तुडुम बसवावयाचे. तेथून पाट काढून ते एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरवीत न्यावयाचे. एका तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जाते, तेथून आणखी खालच्या बोडीत. पाळीच्या खाली धान आणि ऊस. पाणी ओसरत जाईल तसतशी तळ्याच्या पोटातील गाळाची जमीन उघडी पडते, तीत गाळपेर. पाण्यात ढिवरांची जाळी. काठावर गुरांचे पाणवठे. आणि झिरप्याने भरलेल्या गावच्या विहिरी. एवढे सगळे एकाच पाण्यावर उभे असते, आणि यातील प्रत्येकाचे हित दुसऱ्याच्या हिताशी कोठे तरी भिडते. ऊसवाल्यास पाणी उन्हाळ्यापर्यंत हवे असते, गाळपेर करणाऱ्यास ते लवकर ओसरावयास हवे असते. ढिवरास तळाशी पुरेसे पाणी राहावयास हवे, तर टोकाच्या बांधीवाल्यास तुडुम पूर्ण उघडावयास हवे. तेव्हा तळे बांधणे हे एकदाचे काम असले, तरी तळे चालविणे हे दरवर्षीचे न्यायदान असते. पाणी प्रथम कोणाचे, पाळ फुटल्यास माती कोणी टाकावयाची, पाऊस कमी झाला तर तोटा कोणी सोसावयाचा, या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी मान्य केली त्यांचेच ते गाव. तळ्याच्या ग्रंथकारांची पारख आम्ही याच कसोटीवर करणार आहो.

पहिला मान अर्थातच रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा. भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली निघाले. मध्यप्रांतातील जातीजमातींवरील या दोघांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोहळी या जातीवर एक लहानसे प्रकरण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठी तळी या जातीच्या लोकांनी बांधली, त्यांचे आवडते पीक ऊस, आणि चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आपल्याला या मुलखात आणले अशी त्यांची स्वतःविषयीची समजूत आहे, ही माहिती तेथे मिळते. हिरालालांसारखा बहुश्रुत सहकारी लाभल्यामुळे या ग्रंथाचे मोल आजही उणावलेले नाही. तुच्छतेचा जो सूर त्या काळच्या अनेक साहेबी ग्रंथांत ऐकू येतो, तो या प्रकरणात जवळजवळ नाही. उलट, ज्यांनी कधी पाठशाळेत भूमितीचे धडे घेतले नाहीत अशा शेतकऱ्यांनी केवळ नजरेने जमिनीचा चढउतार ओळखून मैल मैल पसरणारे जलाशय निर्मिले, याचे कौतुकच तेथे दिसते.

तथापि या कौतुकातच ग्रंथाचा मुख्य दोष दडलेला आहे. ग्रंथाची रचना जातवार असल्यामुळे त्यातील प्रत्येक गुण हा जातीचा गुण ठरतो. कोहळी तळी बांधतात, कारण ते कोहळी आहेत. ढिवर मासे मारतात, कारण ते ढिवर आहेत. विद्येचे मूळ रक्तात दाखविले की ती विद्या कोणत्या अटींवर जगली हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. वस्तुतः त्या अटींचा सुगावा त्याच काळच्या इतर कागदांतून लागतो. मेजर लूसी स्मिथ यांच्या चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताच्या अहवालात (१८६९) गोंड राजांची एक परंपरा नोंदलेली आहे: जो रान तोडून तळे बांधील त्यास त्या तळ्याखाली भिजणारी जमीन बहाल होई. चांदा-ब्रह्मपुरीकडे काही गावांच्या नावांस जोडलेला 'तुकूम' हा शब्दही अशाच देणगीच्या जमिनीशी निगडित आहे असे सांगतात. म्हणजे तळ्यामागे केवळ नजर नव्हती. जमिनीचा हक्क होता, राजाचा शब्द होता आणि त्या शब्दावर विसंबून पिढ्यानुपिढ्या श्रम करण्याइतकी निश्चिती होती. हे सूत्र हाती धरले असते तर कोहळ्यांचे प्रकरण एका जातीचे प्रकरण न राहता एका मुलखाच्या वसाहतीचे प्रकरण झाले असते. ग्रंथकारांनी दगड अचूक मोजले, परंतु ते ज्या चुन्याने जोडले होते तो त्यांच्या मोजणीत आला नाही.

आता गावकऱ्यांच्या ग्रंथाकडे वळू. या भागातील सर्वांत विख्यात जलाशय नवेगावबांध. त्याचा विस्तार सुमारे ५ चौरस मैल व परिघ १७ मैल असा जुन्या नोंदींत आढळतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे म्हणतात. भोवतालच्या डोंगरांच्या सात शिखरांस सात बहिणी हे नाव आहे. बांध घालताना या सात देवतांनी कोलूस साह्य केले, आणि पुढे कोलू स्वतःच कोलासूर देव होऊन त्यांतील एका शिखरावर जाऊन बसला, अशी कथा आहे.

ही कथा भाबडी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. आम्हांस मात्र तीत दोन गोष्टी विचार करण्याजोग्या वाटतात. पहिली अशी की, येथे देवत्व मिळाले ते बांधणाऱ्यास. आमच्या प्राचीन शिलालेखांत जलाशयाचे श्रेय बहुधा दात्याकडे जाते. गिरनारच्या सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा लेख रुद्रदाम्याच्या कीर्तीचा लेख झाला. वाकाटकांच्या काळी रामटेकाजवळही सुदर्शन नावाचा जलाशय होता हे तेथील केवल-नरसिंहाच्या मंदिरातील लेखावरून कळते, पण तो लेखही राजकुलाचाच आहे. कोलासुराच्या कथेत राजा नाही. तळे बांधणारा पाटीलच देव होतो, आणि तोही दूरच्या क्षेत्रातला नव्हे; ज्या पाण्यावर गाव जगते त्या पाण्याकडे पाहत बसलेला. दुसरी गोष्ट अशी की, हे काम एकट्याच्याने झाले नाही, हे कथा कबूल करते. त्या सात बहिणी कोण? कथाकारास त्या देवता वाटल्या. आम्हांस, काहीशा धाडसाने, असे वाटते की डोक्यावर पाटी घेऊन पाळीवर माती टाकणाऱ्या ज्या असंख्य स्त्रियांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत, त्यांची अंधूक आठवण लोककथेने या सातजणींच्या रूपाने सांभाळली असावी. हा इतिहास नव्हे, केवळ आमचे वाचन आहे. परंतु जातवार ग्रंथात ज्या साहाय्यकांना जागा मिळाली नाही, त्यांना दंतकथेत निदान एकेक शिखर तरी मिळाले, एवढे खरे.

तिसरा ग्रंथ कोणी एका लेखकाने लिहिलेला नाही. तो कायद्याने लिहिलेला आहे, आणि त्याचे सार एका नावात साठविलेले आहे. या तळ्यांस आज सर्वत्र 'मालगुजारी तलाव' म्हणतात. हे नाव इतके रूढ झाले आहे की त्यातील अन्याय कोणाच्या ध्यानात येत नाही. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. आणि त्यानंतरच्या बंदोबस्तांत, ज्यांच्याकडे तोवर गावचा वसूल करून भरण्याचे काम होते त्या पाटलांस व इजारदारांस सरकारने गावचे मालक ठरविले. हेच मालगुजार. १९५० च्या मध्यप्रदेशातील कायद्याने हे मालकीहक्क रद्द केले, आणि ३१ मार्च १९५१ पासून त्याचा अंमल झाला. मालगुजारांच्या मालकीचे आयुष्य असे नव्वद वर्षांच्या आतले आहे. कोलू पाटलाचा बांध तर त्याच्या आधीच दीडशे वर्षांचा वृद्ध झाला होता. ज्याने तळे बांधले त्याचे नाव नाही, ज्या राजाच्या शब्दावर ते बांधले त्याचे नाव नाही, ज्यांनी माती वाहिली त्यांचे नाव नाही. ज्याच्या हाती ते नव्वद वर्षे सापडले, त्याचे मात्र नाव! सरकारी दप्तरात तर याच्या पुढची पायरी गाठली गेली आहे. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन तेथे त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. असे नाते जोडल्याने जिव्हाळा उत्पन्न होत असता, तर या भाचरांनी मामाची अशी आबाळ केली नसती.

नावाची ही चर्चा शब्दांचा कीस म्हणून कोणी सोडून देऊ नये. मालकी गेली तेव्हा तळी सरकारजमा झाली. १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. दहा वर्षांत त्या पाळीने तीन राज्ये पाहिली. पुढे लहान तळी जिल्हा परिषदेकडे गेली, मोठी राज्याच्या खात्यांकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे. तळ्याच्या पोटातील जमिनीचा तंटा महसुलाकडे. जे गावाने एकत्र बांधले होते, ते कागदावर तुकड्या-तुकड्यांनी वाटले गेले. गावच्या वाजिब-उल-अर्जात पाणी, वाट, मासेमारी यांविषयीच्या चालीरीती लिहून ठेवण्याची पद्धत होती. निस्तारपत्रकात चराई व लाकूडफाट्याचे हक्क असत. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्यांच्यासाठी कलमे राखून ठेवलेली आहेत. आमच्या मते भंडाऱ्याच्या तळ्यांचा खरा मूळ ग्रंथ हाच होय. गॅझेटियर हा त्याचा परिशिष्टभाग. पण तो ग्रंथ दप्तरखान्याच्या रुमालात बांधलेला राहिला, आणि परिशिष्ट तेवढे पुस्तकांच्या कपाटात मिरवले.

चौथे ग्रंथकार मारुती चितमपल्ली. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी नवेगावबांधास येऊन राहिला, आणि मराठी भाषेस एक नवे अरण्य मिळाले. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. 'नवेगावबांधचे दिवस', 'पक्षी जाय दिगंतरा', 'चकवा चांदण' ही त्यांची पुस्तके मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या मागे जो शब्दसंग्रह राहिला, त्याची बरोबरी करणारा दुसरा नाही. त्यांचा मोठा गुण असा की, त्यांनी गावच्या जाणकारांस गुरुस्थानी मानले. कोलू पाटलाच्या गावचे माधवराव पाटील डोंगरवार, पाण्याची नाडी जाणणारे ढिवर, रानाची वाट जाणणारे गोंड, यांच्याजवळून त्यांनी पाखरांची, माशांची, झाडांची नावे घेतली आणि ती घेतल्याचे लपविले नाही. जातवार ग्रंथात जे लोक अभ्यासाचा विषय होते, ते येथे अभ्यासाचे शिक्षक झाले. हा बदल क्षुल्लक नव्हे.

तरीही तळ्याचा टीकाकार म्हणून आम्हांस एक उणीव नोंदविली पाहिजे. चितमपल्लींचे तळे हे मुख्यतः पाखरांचे तळे आहे. त्यांची दृष्टी पाण्यावरून पलीकडच्या रानाकडे जाते. पाळीवरून अलीकडच्या बांधीकडे ती फारशी वळत नाही. तुडुम कोणी उघडले, टोकाच्या शेतकऱ्यास पाणी पोचले की नाही, या गोष्टी त्यांच्या लेखनात कडेला राहतात. हा दोष त्यांच्या प्रतिभेचा नसून त्यांच्या पेशाचा आहे. अरण्याच्या सेवकाने अरण्य पाहावे यात नवल नाही. परंतु त्यांच्या अनुयायांनी तेवढेच पाहिले, आणि तळे म्हणजे निसर्गाची देणगी असा एक मधुर भ्रम मराठी वाचकांत पसरला. महाराष्ट्रात सारस पक्षी आज या भंडारा-गोंदियाच्या मुलखातच काय तो टिकून आहे. पण तो मानवाच्या तळ्याच्या काठी आणि मानवाच्या धानाच्या बांधीत टिकून आहे, हे विसरता कामा नये. येथे माणूस आणि पाखरू एकाच पाळीच्या आश्रयाने राहतात. पाळ खचली तर दोघेही बेघर होतील.

चार ग्रंथकारांची ही पारख झाल्यावर एक आक्षेप आमच्यावरच येईल, आणि तो आला पाहिजे. तुम्ही ज्यास गावाचा करार म्हणता, तो खरोखर करार होता काय? की पाटलाचा हुकूम आणि इतरांची वेठ? आक्षेपात तथ्य आहे. जुन्या गावातील पाणी जातींच्या उतरंडीवरूनच खाली येई. घाट वेगळे, हक्क वेगळे, आणि पाण्यास स्पर्श करण्याचीही ज्यांना मुभा नव्हती असे लोक त्याच पाळीच्या मातीत राबत. ज्या पुरुषाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन हा प्रश्न साऱ्या देशासमोर मांडला, तो १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून उभा राहिला आणि पराभूत झाला. डॉ. आंबेडकरांच्या त्या पराभवाची कारणे राजकीय होती, आणि त्यांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तळ्यांच्या जिल्ह्यात चवदार तळ्याचा नायक येऊन गेला ही गोष्ट तळ्यांवर लिहिणाऱ्याने विसरू नये, असे आम्हांस आग्रहाने म्हणावयाचे आहे. जुन्या व्यवस्थेची आरती ओवाळणारा ग्रंथ आम्हांस नको आहे. करार अन्याय्य असू शकतो. पण तो अन्याय दाखविण्यासाठीही आधी तो करार होता हे मान्य करून त्याची कलमे वाचावी लागतात. तळे ही केवळ निसर्गशोभा मानली, की तिच्या काठावरून कोणाला हाकलले होते हा प्रश्नच नाहीसा होतो.

या साऱ्याचा आजच्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यास आम्ही वैनगंगेकडेच बोट दाखवू. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली. आरंभी ३७२ कोटींचा असलेला अंदाज पुढे १८,००० कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर भिजविण्याचा संकल्प दशकानुदशके पुरा होण्याची वाट पाहत राहिला. आणि दरम्यान नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली जाऊन नव्या वसाहतींत हलली. धरण मुळीच नको असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही व तसा आमचा अभिप्रायही नाही. परंतु एकाच खोऱ्यात पाणी साठविण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत असताना त्यांतील फरक टीकाकाराने सांगितलाच पाहिजे. तळ्याने पाणी साठविले, त्याच्याबरोबर गावही वसविले. धरणास पाणी साठविण्यासाठी आधी गाव उठवावे लागले.

कार्ल विटफोगेल या पंडिताने १९५७ साली असा सिद्धांत मांडला की, मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या व्यवस्थेतून अनियंत्रित राजसत्ता जन्मास येते, कारण पाणी आवरण्यास मोठी नोकरशाही लागते. त्यानंतर थोड्याच वर्षांत एडमंड लीच यांनी लंकेतील पुल एलिया या एका लहान गावावर ग्रंथ लिहिला (१९६१). गावाने आपले तळे व त्याखालील शेते यांची व्यवस्था स्वतः कशी चालविली आणि त्या व्यवस्थेनेच तेथील आप्तसंबंधांस कसे वळण दिले, हे त्यांनी शेतावार दाखविले. विटफोगेलांच्या सिद्धांतास उत्तर देण्याइतका पुरावा भंडाऱ्यातही पडून आहे. फरक इतकाच की, आमचे पुल एलिया अद्याप कोणी लिहिलेले नाही. हिंदीत अनुपम मिश्र यांनी तळ्यांवर १९९३ साली लिहिलेला ग्रंथ घरोघर गेला, कारण त्यांनी तळ्यांच्या आधी तळी बांधणाऱ्यांची ओळख करून दिली. मराठीस तेवढेही अजून साधलेले नाही.

या उणिवेचे फळ व्यवहारात दिसते. अलीकडे राज्यात २०१४ पासून जलयुक्त शिवार, २०१७ पासून गाळमुक्त धरण, आणि त्यांबरोबर जुन्या तळ्यांच्या दुरुस्तीच्या योजना निघाल्या. गाळ निघाला, पाळीवर माती पडली, साठवणक्षमतेचे आकडे वाढले. हे सर्व इष्टच आहे. पण योजनेची भाषा पाहा: तीत घनमीटर आहेत, हेक्टर आहेत, लक्षांक आहेत, पाणी वाटणारा माणूस नाही. यंत्राने तळाचा गाळ खरवडताना माशांच्या विणीची जागा आणि पाणवनस्पतींची मुळे कोठे होती, हे ढिवरांस विचारावे, ही जाणीव भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या स्थानिक अभ्यासकांनी जागविली; ती योजनेच्या मसुद्यात आपोआप उगवली नाही. मसुदा लिहिणाऱ्याने तळ्याविषयी जे वाचले होते, त्यात तळे म्हणजे एक भांडे होते. भांडे घासून स्वच्छ करावयाचे असते, एवढेच त्याने जाणले. वाङ्मयातील उणीव ही अशी पाळीपर्यंत जाऊन पोचते.

म्हणून भावी ग्रंथकारास आमची विनंती एवढीच आहे. त्याने एक गाव निवडावे. नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध अशी ज्यांच्या नावातच बांध आहे त्यांतील एक निवडावे, अथवा ज्याच्या तळ्यास नावही नाही असे एखादे निवडावे. तेथील वाजिब-उल-अर्ज वाचावा; त्यातील कोणते कलम कोणी मोडले आणि कोणते आजही तोंडी चालते, ते विचारावे. पाटलाच्या वाड्यात बसावे, तसे ढिवरांच्या आळीत बसावे, आणि ज्यांच्या आजोबांस घाटावर उतरता येत नव्हते त्यांच्या अंगणातही बसावे. रोवणीच्या दिवसांत एकदा आणि हस्ताचा पाऊस हुकलेल्या वर्षी एकदा, असे दोनदा तेथे जावे. कारण गावचा करार सुकाळात दिसत नाही, तो पाणी कमी पडले म्हणजे वाचता येतो. कोलू पाटलाचे नाव त्याने अवश्य लिहावे. परंतु त्या सात बहिणींची नावे शोधल्यावाचून लेखणी खाली ठेवू नये.

वस्ती पाण्यावाचून कशी पांगते हे मराठी साहित्याने दाखविले. वस्ती पाण्याभोवती कशी जमते, आणि एकदा जमल्यावर ती काय किंमत देऊन टिकते, हे दाखविण्याचे ऋण अद्याप फिटलेले नाही. ते फेडण्याची सामग्री दर पावसाळ्यात जुन्या पाळींबरोबर थोडी थोडी खचत आहे.